कासवं बघू द्या

बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं काढली, की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही येवो, आधी त्याचा भागाकार करायचा. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझं मन पाकिटातली रक्कम आणि ताटातले पदार्थ यांचा मेळ घालत असतं. या खोडीने ऑफिसात बढती मिळत नाही आणि घरात शांतता लाभत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती पोरांच्या मुळावर येते, हे कळायला मला समुद्रापर्यंत जावं लागलं.

झालं असं, की मेव्हण्याच्या नादाने आम्ही मे महिन्यात क्रूझला गेलो. आम्ही म्हणजे मी, सौ., दहा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा बंड्या. सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत करून चार रात्रींनी परत सिंगापूर. तिकिटं काढून झाल्यावर एजंटाच्या पोराने एक चकचकीत कागद पुढे सरकवला. म्हणाला, "काका, बंदरावर उतरून करणार काय? शोअर एक्सकर्शन तर घ्यावंच लागतं." कागदावर पेनांगच्या तीन सहली होत्या. एकीत दोन ठिकाणं, दुसरीत चार, तिसरीत सात. मी पेन काढलं, पैशाला ठिकाणांनी भागलं आणि सातवालीवर बोट ठेवलं. दर ठिकाणामागे तीच सर्वांत स्वस्त पडत होती! सौ. एवढंच म्हणाली, "अहो, बंड्याला बस लागते." मी म्हटलं, "अगं, गोळी देऊ त्याला."

आज मी या भागाकाराविरुद्ध फिर्याद घेऊन उभा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातही मीच आहे. पण पिंजऱ्यात माझ्या शेजारी बरीच दाटी आहे, हेही सांगून ठेवतो.

पेनांगला जहाज जॉर्ज टाउन शहराच्या अगदी कुशीत लागतं. स्वेटनहॅम धक्क्याबाहेर पाऊल टाकलं, की समोर घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 1897 साली 60 वर्षं झाली, त्याची ही आठवण. वर्षाला एक फूट या दराने 60 फूट उंच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या हादऱ्याने तो किंचित कललाय. थोरली तिथेच मान वाकडी करून उभी राहिली. जवळच तोफांचा कॉर्नवॉलिस किल्ला. रमतगमत पुढे गेलं, की पाण्यात खांबांवर उभी असलेली चिनी घरं, आणि एका भिंतीवर रंगवलेली दोन पोरं, ज्यांची सायकल मात्र खरीखुरी आहे. सगळं पायी फिरण्याजोगं, आणि सायकलरिक्षात बसलं तर पोरांच्या दृष्टीने राजवैभव. यातलं आम्ही काय पाहिलं? बसच्या काचेतून मनोऱ्याची पाठ.

कारण आम्हाला सात ठिकाणं गाठायची होती. त्यातलं एक बाटिकचा कारखाना होता आणि एक चॉकलेटचं दुकान. दुकानालाही 'ठिकाण' म्हणतात, हे मला भागाकार करताना कोणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये चाळीस माणसं. प्रत्येक थांब्यावर दोघं उशिरा येणार, आणि दर वेळी ते दोघं वेगळे असणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणाच्या मधे बंड्याने गोळीचा मान न राखता आपलं एक स्वतंत्र ठिकाण करून घेतलं. ते कागदावर नव्हतं.

मग केक लोक सी हे डोंगरावरचं मोठं बौद्ध देऊळ आलं. तिथे वाटेत कासवांचं तळं आहे. बंड्या कठड्याला जो चिकटला तो हलेना. एक लहान कासव मोठ्याच्या पाठीवर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. "बाबा, थांब ना, ते चढतंय!" वरून गाइडने झेंडी हलवली. तीन ठिकाणं बाकी होती. मी त्याला हाताला धरून ओढला.

रात्री केबिनमध्ये दिवा मालवल्यावर वरच्या बर्थवरून आवाज आला, "बाबा, ते कासव चढलं असेल का रे?" सातही ठिकाणांवर टिकमार्क केलेला कागद माझ्या खिशात होता. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मला झोप लागेना. 1990 साली माझ्या वडिलांनी आम्हाला अठरा दिवसांच्या दक्षिण भारत दर्शनाला नेलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. देवळं किती पाहिली याची यादी वडिलांच्या डायरीत आहे. माझ्या डोक्यात एकही नाही. मला आठवते ती कन्याकुमारी. तिथे बस बिघडली आणि अख्खी दुपार वडील माझ्याबरोबर पायरीवर बसून राहिले. विकायला आलेल्या रंगीत वाळूच्या पुड्या त्यांनी घेऊन दिल्या आणि आम्ही रंग मोजत बसलो. त्या सहलीत वडील मला तेवढेच सापडले, तेही बसच्या कृपेने.

दुसऱ्या दिवशी फुकेत. पैसे आधीच भरलेले. आधी बस, मग स्पीडबोटीने फी फी बेटं, संध्याकाळपर्यंत कार्यक्रम गच्च. सौ.ने विचारलं, "जायचंच का?" माझ्या तोंडून निघालं, "अगं, पैसे भरलेत!" आणि बोलता बोलता मी थबकलो. बँकेत आम्ही काय शिकतो? बुडालेल्या कर्जापायी नवं कर्ज द्यायचं नाही. पैसे तर गेलेच होते, आता त्यांच्यामागे पोरांचा दिवस कशाला घालायचा? मी ती रक्कम बुडीत खाती टाकली. हात कापत होता, पण टाकली.

जहाज पाटोंगसमोर समुद्रात उभं होतं. तिथून होडीने किनाऱ्यावर नेतात. पोरांना ती होडीच सगळ्यात आवडली, आणि ती तर तिकिटातच होती! मग तीन तास बंड्याने वाळूत एक खड्डा खणला. थोरलीने त्याला कालवा जोडला. आम्ही दोघं काठावर बसून खड्ड्याला सल्ले देत होतो.

तेव्हा माझ्यासारख्या तमाम भागाकारी बापांना माझं बजावून सांगणं आहे. सहल निवडताना ठिकाणं मोजू नका, तास मोजा. बसमधले आणि रांगेतले तास वजा करून पोरांच्या हाती काय उरतं ते बघा. बंदर शहराला चिकटून असेल तर खुशाल पायी उतरा. पण आधी नकाशा बघा. युरोपच्या क्रूझवर कागदात 'रोम' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिविटावेकियाला, रोमपासून ऐंशीएक किलोमीटरवर. म्हणजे मुंबई सांगून कर्जतच्या आसपास उतरवण्यासारखं. इतकं लांब जायचंच असेल तर जहाजाचीच सहल घ्या, कारण आपल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं; तुमच्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. घड्याळ जहाजाचं पाळा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचं आणि मोबाइल फुकेतचा, अशी जोडी जमली तर तासभर हाताशी आहे अशा भ्रमात धक्क्यावरून टाटा करायची पाळी येते. एका बंदराला एकच गोष्ट करा, आणि ती निवडताना घरातल्या सर्वांत लहान माणसाला नकाराधिकार द्या. आणि कंटाळा आला तर उतरूच नका. सगळं जहाज गावात गेलेलं असतं, पोहण्याचा तलाव पोरांना मोकळा मिळतो.

परत आल्यावर मेव्हणा कडाडला, "भावोजी, एवढे पैसे खर्चून परदेशात वाळूत खड्डा? मग जुहू काय वाईट होतं?"

प्रश्न बिनतोड आहे. जुहूला वाळू आहे, पाणी आहे, खड्डा खणायला कोणाची मनाई नाही. जुहूला फक्त बाप नसतो. तो ऑफिसात असतो, किंवा आलाच तर घड्याळात बघून डोंबिवलीची लोकल गाठायच्या घाईत असतो. मी पैसे भरले ते खड्ड्याचे नव्हेत, काठावर बसायच्या तीन तासांचे. दर तासाला काय पडले, तो भागाकार मात्र मी अजून केलेला नाही.

बंड्याने परवा आजोबांना सहलीचा वृत्तान्त सांगितला. त्यात होडी होती, खड्डा होता, कासव होतं. सात ठिकाणांपैकी बाकीची सहा गैरहजर. आजोबांनी विचारलं, "मग चढलं का रे कासव?" बंड्या म्हणाला, "माहीत नाही. बाबाला घाई होती."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. शेवटी डायरी त्यांचीही होती.