समूहगीत कोणासाठी रचावयाचे?

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की समूहगीताची तालीम सुरू होते, आणि तिच्याबरोबरच एक लहानसा अन्यायही सुरू होतो. ज्या मुलाचा सूर लागत नाही त्यास शिक्षक हळूच सांगतात, "तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव." हे आम्ही इतरांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थ्यास आम्हीच असे सांगितले होते. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई भेटली व म्हणाली, "सर, मी कान लावून ऐकत होते, पण माझ्या पोराचा आवाज काही मला ओळखू आला नाही." आम्ही निरुत्तर झालो. तो मुलगा पुढे गाण्याच्या तालमीस कधीच आला नाही.

दोष कोणाचा होता? त्या वयात मुलांचा आवाज फुटतो. उंच स्वर हातचे जातात. परंतु त्याच गळ्यात खालचा षड्ज स्थिर राहू शकतो. आम्ही चाल बांधली ती मात्र एकाच जातीच्या गळ्यासाठी. तेव्हा चूक मुलाच्या गळ्यात नव्हती, आमच्या रचनेत होती.

खरे पाहता ही विद्या आपल्या भूमीस नवी नव्हे. आमच्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडे रचिली. भारुडात सोंग घेऊन अर्थ उलगडण्याचे अवघड काम पुढे उभा असलेला एकजण करितो आणि साथीदार ध्रुपद उचलतात. भजनातही तेच आहे. पखवाज हाती बसावयास वर्षानुवर्षे मेहनत लागते. टाळ मात्र काल आलेल्या माणसाच्याही हाती देतात. त्याचे काम सोपे असते, पण फुकाचे नसते. कारण टाळ चुकला तर भजन अडखळते.

साता समुद्रांपलीकडेही एका थोर संगीतकारास हेच सुचले. इंग्लंडमधील बेंजामिन ब्रिटन याने नोहाच्या जलप्रलयाच्या कथेवर एक संगीत नाटक रचिले व ते १९५८ साली ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये प्रथम झाले. त्यात मोजके कसलेले कलावंत आणि बाकी सारी मुले होती. मुलांच्या व्हायोलिनचे त्याने तीन भाग पाडिले: पहिला चांगल्या तयारीच्या मुलांसाठी, दुसरा मध्यम मुलांसाठी आणि तिसरा अगदी नवशिक्यांसाठी. या तिसऱ्या भागात बराच वेळ केवळ मोकळ्या ताराच छेडावयाच्या असतात. पावसाचे पहिले थेंब दाखविण्यास त्याने चहाचे पेले दोरीस टांगून लाकडी चमच्याने वाजवावयास लाविले. पेला वाजविणाऱ्या मुलास स्वरज्ञान थोडे असले तरी चालेल. परंतु तो नसेल तर पाऊस सुरूच होत नाही!

आमच्या मते शालेय रचनेची कसोटी हीच होय: सर्वांत कच्च्या मुलाचा भाग गळाला तर गाण्यात खळगा पडला पाहिजे. यासाठी ध्रुपद सा ते प एवढ्या पाच स्वरांत बसवावे, म्हणजे ते बहुतेकांच्या आवाक्यात येते. अंतऱ्यातील उंच जागा तयार गळ्यांकडे द्याव्यात. आवाज फुटलेल्या मुलांनी खालचा षड्ज व पंचम धरून गाण्यास आधार द्यावा. ज्यास सूर सापडत नाही पण लय उमगते, त्याने समेवर झांज द्यावी. मात्र शिक्षकाने आधी प्रत्येक मुलाचा गळा ऐकावा आणि मगच चाल बांधावी. चाल बांधून मग मुले निवडू नयेत.

कोणी म्हणेल, अशाने गाण्याचा दर्जा उतरेल व स्पर्धेतील बक्षीस जाईल. स्पर्धेस निवडक मुलांचा संघ जरूर पाठवावा; त्यास आमची हरकत नाही. परंतु संमेलन हे साऱ्या शाळेचे असते. शिवाय सोपे म्हणजे हलके नव्हे. पाच स्वरांत गोड चाल बांधणे हे तानांची आतषबाजी करण्याहून कठीण आहे, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

पालकांस एवढीच विनंती, की पुढील संमेलनापूर्वी "माझे मूल पहिल्या रांगेत आहे काय?" असे न विचारता "त्यास कोणता भाग दिला आहे?" असे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस कोणी नुसते ओठ हलवावयास सांगितले, आम्ही जरी सांगितले, तरी नम्रपणे विचारा, "सर, या गाण्यात माझ्यासाठी काय रचिले आहे?" या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे. त्या मुलास ते आम्ही देऊ शकलो नाही, ही खंत आजही मनात आहे.