वांगं अडवलं, तेल आलं

मंडळी, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं उरकल्यावर वाचा.

दर दोन-चार महिन्यांनी आपल्याकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. अंगावर मोठाल्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो, आणि खाली लिहिलेलं की जीएम अन्न खाल्लं की कॅन्सर होतो, दहा जणांना पाठवा. त्यामागून कोणीतरी दुधीला इंजेक्शन मारतानाचा व्हिडिओ टाकतो. तिसरा म्हणतो, बाजारातली बिनबियांची पपई म्हणजे जीएमच. मग नंदाखालपासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत सगळे एकमेकांना गुड मॉर्निंगबरोबर विषाची भीती पाठवत बसतात. आणि ज्या बाटलीवर खरंच प्रश्न विचारायला हवा, ती आपल्याच ओट्यावर शेगडीशेजारी उभी असते.

आधी थोडा गोंधळ निस्तरू. हायब्रीड म्हणजे जीएम नाही. दोन जातींचा संकर करून बी तयार करणं हे काम कित्येक दशकं चालू आहे, वसईच्या वाड्यांतली बरीचशी भाजी आज हायब्रीड बियाण्याचीच आहे. इंजेक्शन हा भेसळीचा किंवा संप्रेरकांचा विषय, त्याचा जनुकांशी संबंध नाही. जीएम म्हणजे एका सजीवातलं ठरावीक जनुक प्रयोगशाळेत काढून दुसऱ्याच्या पेशीत बसवणं. भारतात शेतकऱ्याला कायदेशीरपणे बाजारातून विकत घेऊन लावता येईल असं जीएम पीक आजवर एकच, कापूस. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पपई नाही, टोमॅटो नाही, केळी तर नाहीच नाही.

आता ते उंदीर. तो फोटो फ्रान्समधल्या सेरालिनी नावाच्या शास्त्रज्ञाच्या २०१२ सालच्या अभ्यासातला. ज्या मासिकाने तो छापला त्यानेच २०१३ मध्ये मागे घेतला. कारण असं की त्याने वापरलेल्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी काहीही खायला घातलं तरी गाठी येतात, आणि एकेका गटात उंदीर होते फक्त दहा-दहा. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या मासिकात पुन्हा छापला गेला हेही खरं, पण दहा उंदरांचे वीस झाले नाहीत. उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून जास्त अभ्यास चाळून सांगितलं की बाजारात असलेली जीएम पिकं खाल्ल्याने माणसाला साध्या पिकांपेक्षा जास्त धोका होतो असा ठोस पुरावा सापडत नाही. माझ्या मते हा मुद्दा इथे मिटतो. "जीएम खाल्लं की कॅन्सर" हे वाक्य ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं, पण ते पुराव्यावर उभं नाही.

पण मिटतो तो एवढाच मुद्दा. "सरसकट विष" हे जसं खोटं, तसंच "सरसकट सुरक्षित" हेही शास्त्र नाही. एकेक पीक, एकेक जनुक तपासावं लागतं. सोयाबीनची पौष्टिकता वाढवायची म्हणून एका अमेरिकी कंपनीने त्यात ब्राझील नट या सुक्या मेव्यातलं जनुक घातलं होतं. तपासणीत आढळलं की त्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधू शकतं. १९९६ मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि ते बियाणं बाजारात आलंच नाही. म्हणजे प्रामाणिक तपासणी झाली तर धोका पकडता येतो. मग प्रश्न उरतो की आपल्याकडे तपासतंय कोण?

यासाठी वांग्याची गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण ती महाराष्ट्रातली आहे. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. बीटी म्हणजे मातीतला एक जीवाणू. त्याचं एक प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कलीत ते जागं होतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाचं पोट आम्लाचं, आणि ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागा आपल्या आतड्यात नाही. सेंद्रिय शेतीवालेसुद्धा याच जीवाणूची पावडर पानावर फवारतात. तर हे जनुक वांग्यात घातलं, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. आपल्याकडे ज्याने वांगं लावलंय त्याला ही अळी सांगायला नको. फळ वरून चकचकीत आणि कापलं की आत घाण. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही. म्हणून शेतकरी फवारतो, पुन्हा फवारतो, आणि कधी कधी तोडणीच्या दोन दिवस आधीही फवारतो. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या टोपलीत त्यातलं थोडं औषधही जातं. हे लिहिलं की काही जण रागावतील. रागवा, पण वाडीत जाऊन बघा.

केंद्राच्या जीईएसी या समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वांग्याला हिरवा कंदील दिला. देशभर ओरड झाली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती नागपूरची. मुंबईला भाजी पुरवणाऱ्या आपल्या पट्ट्यातल्या माळ्याला काय वाटतं हे विचारायला इकडे कोणी फिरकलं नाही. ९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी स्थगिती दिली.

ती स्थगिती मला तेव्हा पटली होती आणि आजही पटते. कारण चाचण्यांचा डोलारा उभा होता कंपनीने स्वतः दिलेल्या माहितीवर. ती कच्ची माहिती लोकांसमोर यावी म्हणून कार्यकर्त्यांना माहिती अधिकार आणि कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागले. ज्याने माल बनवला त्यानेच तो तपासायचा आणि तपासणीचे कागद कपाटात ठेवायचे, हे कोणत्या धंद्यात चालतं? शिवाय वांगं मूळचं आपल्या देशातलं. काटेरी, हिरवं, जांभळं, पांढरं, भरताचं, भरल्या वांग्याचं, किती जाती. परागकण कुठे कुठे जातील हा प्रश्न अमेरिकेतल्या मक्याला नसेल, पण भारतातल्या वांग्याला आहे. रमेश यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की स्वतंत्र अभ्यास होऊन शास्त्रज्ञांचं आणि लोकांचं समाधान होईपर्यंत थांबू. घाई काय?

मग ते थांबणं संपलंच नाही. माझा राग आहे तो इथे.

स्वतंत्र चाचण्या करा म्हणून थांबवलं, तर त्या चाचण्या करून निकाल लोकांपुढे ठेवणं ही सरकारची जबाबदारी होती. जैवतंत्रज्ञानासाठी वेगळं नियामक प्राधिकरण आणायचं विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. त्यावर टीका करण्यासारखं भरपूर होतं, पण त्याच्या जागी नवं काहीच आलं नाही. एक बदल मात्र झाला. जीईएसीच्या नावातला मंजुरीवाला शब्द काढून तिथे मूल्यमापनाचा शब्द घातला. पाटी बदलली की खातं सुधारलं असं आपल्याकडे मानतातच. यूपीए गेलं, एनडीए आलं, वांग्याची फाईल तिथेच. "हो" नाही, "नाही" नाही. तेच वांगं बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केलं, २०१४ च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांपासून लागवड सुरू केली आणि पुढे हजारोंनी लावलं. तिथे फवारण्या बऱ्याच कमी झाल्याचं आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं. काही शेतकऱ्यांच्या तक्रारीही आल्या. निदान तिथे तपासायला काहीतरी आहे.

निर्णय न घेण्याचीही किंमत असते, आणि ती कोणीतरी भरतं. २०१९ मध्ये हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात बीटी वांगं सापडलं. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेने जाहीरपणे, कॅमेऱ्यासमोर, तणनाशक सहन करणारा बेकायदा एचटीबीटी कापूस पेरला. सविनय कायदेभंग म्हणून. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षं तुरुंग आणि लाखाचा दंड होऊ शकत होता, हे माहीत असून. गुन्हे दाखल झाले. संघटनेचं म्हणणं, निंदणीला मजूर मिळत नाहीत, जगात मिळणारं तंत्रज्ञान आम्हालाच का नको? हे म्हणणं खोटं नाही. पण चोरबाजारातल्या पाकिटात काय आहे याची हमी कोण देणार? बिल नाही, म्हणजे बी उगवलं नाही तर दादही नाही. आणि त्या कपाशीवर जे ग्लायफोसेट मारतात, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलंय. त्यावर बाकीच्या संस्थांचं मत वेगळं आहे, वाद चालू आहे. गंमत बघा, ज्या तणनाशकाबद्दल खरोखर शास्त्रीय वाद आहे त्यावर आपल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड नाही. उंदरांवर मात्र रोज.

आणि जनुक म्हणजे जादूची कांडीही नाही. बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी दबली नाही, २०१७ मध्ये तिने महाराष्ट्रातली कपाशी फस्त केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. बीटी आलं की फवारा सुटला असं सांगणाऱ्या कंपन्यांनी यवतमाळला जाऊन ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं.

आता ओट्यावरच्या बाटलीकडे या.

आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो. सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं, आणि तिथलं जवळजवळ सगळं सोयाबीन जीएम आहे. देशात कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी आहे. त्या सरकीचं तेल निघतं, ते फरसाण-वेफर्सच्या कढईत जातं आणि पाकिटावर बारीक अक्षरात कॉटनसीड ऑईल म्हणून छापलेलं असतं. सरकीची पेंड गाईम्हशी खातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली, आणि सुरुवातीला ज्या मोजक्या वाटांनी ती आणायची होती त्यातली एक आपलं न्हावाशेवा. म्हणजे वांगं शेतात लावायला बंदी, पण बाकीचा माल बंदरातून रीतसर आत.

घाबरू नका, मी हे भीती घालायला लिहीत नाहीये. शुद्ध केलेल्या तेलात जनुक किंवा प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे तेल खाणं आणि बीटी वांगं खाणं एक नव्हे. मुद्दा असा की मला कोणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. वेष्टनबंद अन्नात जीएम असेल तर समोरच्या बाजूला वर तसं छापायचं, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. मी दुकानात उभा राहून पाकिटं उलटीपालटी करून पाहणारा माणूस आहे (दुकानदार वैतागतो), मला ती दोन अक्षरं आजवर दिसली नाहीत. २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ६५ खाद्यपदार्थ तपासले, त्यातल्या ३२ टक्क्यांत जीएमचे अंश सापडले, बहुतेक माल आयात केलेला. हे काम एका स्वयंसेवी संस्थेला करावं लागलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मसुदा काढला, त्यात घटकपदार्थात एक टक्का किंवा जास्त जीएम असेल तर लेबल लावायचं असं म्हटलं. एक टक्का बरा की वाईट यावर वाद घालू, पण तपासणार कोण आणि कुठे? अन्न व औषध प्रशासनाची माणसं दिवाळीत खव्याची भेसळ पकडतानाच मेटाकुटीला येतात.

आपल्या गावासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं गाव. हरित वसईच्या लढ्यात पाणी आणि जमिनीसाठी माणसं रस्त्यावर आली. त्यांच्या बावखलातलं आणि विहिरीतलं पाणी टँकरने उपसलं जात होतं, ते त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. बियाण्याचं तसं नाही, ते गुपचूप बदलतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या "लाउदातो सी" या परिपत्रकात जीएमवर चार-पाच परिच्छेद लिहिलेत. अनेकांना वाटतं पोपने जीएमला पाप म्हटलं. तसं काही नाही. त्यांनी मान्य केलंय की अशा धान्याने माणसाला अपाय होतो याचा निर्णायक पुरावा नाही. पण जमीन आणि बियाणं मूठभरांच्या हाती जातं, लहान शेतकरी उखडला जातो, म्हणून सगळी माहिती टेबलावर ठेवून व्यापक चर्चा करा, असा त्यांचा आग्रह आहे. फॉरवर्ड करायचंच असेल तर ते परिच्छेद करा.

जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही, पण केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं आणि त्यासाठी राज्यं, शेतकरी, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी बोलावं यावर दोघंही ठाम होते. या चर्चेत आपल्या पट्ट्याने तीन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. चाचणी कंपनीच्या पैशाने व्हावी, पण कंपनीच्या हाताने नको. कृषी विद्यापीठांनी ती करावी आणि आकडे मराठीत खुले करावेत. बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा शेतकऱ्याचा हक्क कोणत्याही पेटंटने जाऊ नये. आणि पाकिटावर लिहा, मोठ्या अक्षरात, मराठीत. मग ज्याला घ्यायचं तो घेईल. माझ्या घरात कदाचित बीटी वांगं येईलही, आठवड्याला फवारलेल्यापेक्षा मला ते परवडेल. शेजारच्या काकी नाही घेणार. दोघांनाही ते माहीत असलं पाहिजे.

वाडीवाल्यांनी कमेंटमध्ये लिहा, वांग्यावर हंगामात किती फवारण्या होतात आणि तोडणीआधी किती दिवस थांबता. नाव नको असेल तर इनबॉक्स करा. आकडे जमले तर यावर बातमी करतो, आणि धोरणाच्या चर्चेत आमदार-खासदारांसमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी हातात असेल.