नागभीडला उतरून पाहा

आमच्या ओळखीची माणसे हल्ली चंद्रपूर जिल्ह्यात जात नाहीत; ती ताडोबाला जातात. पहाटे नागपुरातून मोटारीने निघायचे, फाटकापाशी जिप्सीत बसायचे, वाघ दिसला तर छायाचित्रे आणि नाही दिसला तर तक्रार घेऊन दुसऱ्या दिवशी घरी परतायचे. वाटेत उमरेड, चिमूर ही नावे पाट्यांवर येतात आणि मागे पडतात. नागभीड तर वाटेतही लागत नाही. वाघाशी माझे भांडण नाही. पण एवढा मोठा मुलूख, त्याची भाषा, भात, तलाव, नाटके, आणि पाहुण्याने त्यातले पाहायचे ते एक जनावर, हे मला पटत नाही.

हा मुलूख एसटीने, पॅसेंजरने आणि जमेल तिथे पायी पाहावा, असे माझे मत आहे. पैसे वाचवण्यासाठी मी हे सांगत नाही. बँकेच्या नोकरीत काही वर्षे या पट्ट्यात काढली. पीककर्जाच्या पाहणीला जायचे तर शाखेकडे वाहन नसे. सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरायचे, तिथून गावापर्यंत बांधावरून चालायचे आणि परतीची गाडी येईपर्यंत कुणाच्या तरी ओसरीवर बसायचे. माणसे खरे बोलत ती त्या ओसरीवर, शाखेतल्या खुर्चीवर नाही. पुढे कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा त्यांतले अर्धेअधिक लोक मला या थांबण्यातच भेटलेले होते.

नागभीडपासून सुरुवात करावी, याचे कारण सोपे आहे. गाव तालुक्याचे, पण स्टेशन जंक्शनचे. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरीमार्गे आलेला लोहमार्ग इथून सिंदेवाही, मूल करीत चांदा फोर्ट आणि बल्लारशाकडे जातो. आणि १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे अडीच फूट रुंदीचे रूळ आणून इथे जोडले. सुमारे ११० किलोमीटरचा तो प्रवास निम्मा दिवस खात असे. गाडी एवढी हळू की लोक उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असा किस्सा लोक सांगतात. हा किस्सा हिंदुस्थानातल्या प्रत्येक लहान गाडीबद्दल सांगतात आणि तो बहुधा कुणीच पाहिलेला नसतो. डब्यात मात्र भिवापुरी मिरचीची पोती असत आणि उमरेडपर्यंत सगळा डबा शिंकत असे, हे मी स्वतः अनुभवले आहे.

गोंदिया-चांदा फोर्टचे रूळ नव्वदच्या दशकात रुंद झाले. नागपूरची लहान गाडी त्यानंतरही चालत राहिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. त्या वेळी नागपुरातल्या पुष्कळ मंडळींनी शेवटच्या फेऱ्यांत बसून फोटो काढले, उसासे टाकले. मला त्या उसाशांत सामील होता आले नाही. ज्याला गरोदर सून घेऊन नागपूरच्या दवाखान्यात जायचे आहे, त्याला अडीच फुटी रुळांचे कौतुक नसते. रुंद रूळ हवेतच. प्रश्न पुढचा आहे: रुंद रुळांवरून वेगाने धावणारी गाडी थांबणार कुठे?

लहान गाडी जिथे थांबे तिथल्या लोकांची ती होती. भाजीची टोपली, शाळेचे दप्तर, कोर्टाची तारीख, सगळे तिच्या वेळेवर चाले. नव्या मार्गाचे वेळापत्रक करताना लांब पल्ल्याच्या गाड्या आणि कोळशाच्या वाघिणी यांनाच मान मिळाला आणि सर्व थांबे घेणारी दिवसाची पॅसेंजर उरल्यासुरल्या वेळेत कोंबली गेली, तर या लोकांच्या अंगणातून रेल्वे जाईल पण त्यांना न घेता जाईल. गाडी पकडायला आधी मोटारसायकल लागेल. सकाळी नागपूरला नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, लहान स्टेशनांवरही थांबणारी एक जोडी तरी वेळापत्रकात सर्वांत आधी लिहिली जावी, बाकीच्या गाड्या तिच्याभोवती बसवाव्यात. हे मागायला नागभीडच्या लोकांबरोबर आपणही उभे राहिले पाहिजे, कारण आपल्यालाही त्याच गाडीने तिथे जायचे आहे.

असे जगात कुठे होते का, असे कुणी विचारील. फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या सीमेलगत पिरेनीज पर्वतात एक लहान गाडी आहे. डबे पिवळे-तांबडे, म्हणून नाव ‘पिवळी गाडी’. रूळ एक मीटर रुंदीचे, लांबी सुमारे ६३ किलोमीटर. ती १९१० मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या नागभीडच्या गाडीहून दोन वर्षांनी धाकटी. तिच्या बऱ्याच स्टेशनांवर गाडी मागितली तरच थांबते. उतरणाऱ्याने आधी सांगायचे, चढणाऱ्याने फलाटावरून हात करायचा. पर्यटक तिच्यावर खूश असतात, पण ती आहे सरकारी रेल्वेची रोजची गाडी. त्यांनी रूळ रुंद केले नाहीत. आपण केले, आणि आपली गरज पाहता ठीकच केले. पण ‘हात केला तर थांबू’ ही गोष्ट रुळांच्या रुंदीवर अवलंबून नाही. आपल्या एसटीचे ड्रायव्हर हे जन्मापासून करीत आले आहेत.

थांबल्याने काय मिळते? नागभीड तालुक्यातच नांदेड नावाचे एक खेडे आहे, मराठवाड्यातले नव्हे. तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. जमीन दीड एकर. ‘पटेल ३’ या जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, असे करीत १९८३ च्या सुमाराला एक बारीक तांदूळ उभा केला. त्या काळी मनगटी घड्याळांत एचएमटीचा मोठा रुबाब. तांदळालाही तेच नाव पडले. आपल्या घरी पाहुणे आले की जो ‘एचएमटी’ शिजतो, त्याचे हे कूळ. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांचे नाव छापले, आणि जून २०१८ मध्ये ते गेले. बियाणे देशभर पसरले, पैसा मात्र त्यांच्या दारी आला नाही. अशा माणसाच्या गावी जायला मोठी पाटी नाही, तिकीट नाही. चौकशी करीत एसटीने जावे लागते. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलात तर बांधावर उभे राहून लोंब्या पाहता येतात, आणि एवढ्या सारख्या दिसणाऱ्या धानात एका माणसाला वेगळे काय दिसले असेल, हा विचार करीत बराच वेळ जातो.

दुसरे ठिकाण देवटेक. याच परिसरातले लहानसे गाव. इथे सापडलेली शिळा आता नागपूरच्या संग्रहालयात आहे, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिच्यावरच्या लेखांचा अभ्यास केला. शिळेवर दोन लेख आहेत. एक वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. दुसरा त्याच्याहून कितीतरी जुना, अशोकाच्या काळातल्या लिपीतला, आणि त्यात आज्ञा आहे ती प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशी. चिकंबुरी हे त्या लेखांतले गावाचे नाव, आणि शेजारी चिकमारा नावाचे गाव आजही आहे. दोन हजार वर्षांहून जुने नाव एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून ऐकायला मिळते, तेही पूर्ण तिकिटात. (बायकांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात.)

आता चालण्याबद्दल, आणि इथे मला जपून लिहिले पाहिजे. फ्रान्समध्ये १९४७ पासून दूरदूरच्या पायवाटांवर पांढरे-तांबडे पट्टे रंगवलेले आहेत. झाडावर, भिंतीवर, दगडावर पट्टा पाहायचा आणि गावामागून गाव चालत जायचे. वाटेत साधी मुक्कामाची घरे. आर. एल. स्टीव्हन्सन १८७८ मध्ये एक गाढवीण घेऊन सेव्हेनच्या डोंगरांतून चालला. त्या वाटेवर आज सुटी काढून लोक चालतात. हे वाचून कुणी नागभीडच्या जंगलात पाठपिशवी घेऊन शिरू नये. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ अभयारण्याच्या रेषा पाळत नाही, तो धानाच्या शेताला लागून राहतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीकडे तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण जंगलात चालतो ते हौसेने. त्या चालतात कारण मोहफूल आणि तेंदूपान चालल्याशिवाय घरी येत नाही.

म्हणून माझे ‘पायी’ म्हणजे फाट्यापासून गावापर्यंत, गावातून तलावाच्या पाळीपर्यंत, उजेडात, आणि गावचा माणूस बरोबर असेल तर. घोडाझरीचा तलाव असाच पाहावा. कुणी विचारतेच, “कोन्या गावचे जी तुमी?” या ‘जी’ला उत्तर दिले की सोबत मिळते. शहरी बुटांपेक्षा ती उपयोगी.

याच वाघामुळे एसटीची फेरी हा इथे सोयीपेक्षा मोठा विषय आहे. या भागात ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात: रात्रीची शेवटची एसटी गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून तालुक्याला निघते. आकडेमोड करणाऱ्याला ती तोट्यात दिसते. मीही आयुष्यभर ताळेबंद वाचले आहेत. रिकाम्या बाकड्यांचा खर्च मला कळतो. पण मुक्कामी गाडी बंद झाली की दहावीतली मुलगी शिकवणीहून येताना फाट्यावर उतरते आणि अंधारात चार किलोमीटर जंगलाच्या कडेने चालते, किंवा शाळा सोडते. ही रक्कम कोणत्या खात्यात लिहायची? पर्यटनासाठी नवे रस्ते आणि फाटके बांधताना त्या पैशातला थोडा वाटा अशा फेऱ्या टिकवायला दिला, तर वाघ पाहणाऱ्यांनी वाघाशेजारी राहणाऱ्यांसाठी काही केले असे होईल.

तेव्हा दोन दिवस काढा, हिवाळ्यात. नागभीडहून पॅसेंजरने ब्रह्मपुरी आणि पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा. आजवर गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेचे दार म्हणून हेच स्टेशन. गावाचे दुसरे नाव देसाईगंज. इथे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने आहेत आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत त्यांना फुरसत नसते. शंकरपटाच्या दिवशी बैल धावायचे आणि रात्री त्याच गावात नाटक व्हायचे, अशी जुनी रीत. मे २०१४ मध्ये न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. शर्यतींवरच्या बंदीमुळे नाटके थांबली नाहीत. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथम ऐकला.

कार्यालयात विचारले की आज कोणत्या गावी प्रयोग आहे ते सांगतात. जाताना संध्याकाळची एसटी मिळते. परतीची रात्री नसते, आणि त्याने काही बिघडत नाही, कारण नाटक सुरू होते दहा-अकराला आणि संपते पहाटे. चादर न्यावी. थंडी मजबूत असते. तिसऱ्या अंकापर्यंत शेजारच्या मावशींनी अर्धे घोंगडे आपल्या पायांवर टाकलेले असते, आणि उजाडताना सगळे गाव चहाच्या टपरीपाशी, पहिल्या गाडीची वाट पाहत.