कुटुंबाची सायकल

औसा येथील एका एकत्र कुटुंबांतील गृहस्थांनीं आम्हांस पत्रानें विचारिलें आहे कीं, सुटीच्या दिवशीं घरच्या मंडळींनीं मिळून सायकलींवरून दूरवर जावें असें मनांत आहे. तर लांब पल्ल्याची, भक्कम आणि वर्षानुवर्षें निमूटपणें चालेल अशी सायकल कोणती घ्यावी? घरांत आजी-आजोबा धरून दहा माणसें आहेत. पुतण्याचें म्हणणें असें कीं, घ्यावयाची तर एकच उंची सायकल घ्यावी. तेवढ्या किंमतींत साध्या चार येतात, ही गोष्ट त्याच्या काकूंनीं लक्षांत आणून दिली आहे, आणि घरांत दोन पक्ष पडले आहेत. प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे. कुटुंबाची सहल म्हणजे घरांतील नेमक्या कोणाची सहल? म्हणून या महिन्याचें सदर आम्हीं त्यालाच दिलें आहे.

सायकल ही मराठी घराला परकी वस्तु नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत जें दुकान घातलें तें सायकलींचें होतें. नांगर आणि यंत्रें मागाहून आलीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१ हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १९२८ मध्यें परत आले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही तरुणी २०१८ मध्यें १५९ दिवसांत सुमारें २९ हजार किलोमीटर फिरली. ह्या हकीकती वाचून उमेद येते. पण त्यांवरून घरची सायकल निवडूं नये. त्या प्रवाशांस आपल्या स्वतःच्या पायांचाच हिशेब करावयाचा होता. कुटुंबाची सहल मात्र सर्वांत मंद चालविणाऱ्या माणसाच्या पायांनीं मोजावी लागते.

सायकल पाहण्याआधीं जमीन पाहावी. औशाचा भुईकोट किल्ला गांवाला लागूनच आहे; पहिल्या फेरीस तो पुरे. लातूर सुमारें २० किलोमीटरांवर. तालुक्यांतच खरोसा येथें डोंगरांत कोरलेलीं लेणीं आहेत; तीं सहाव्या शतकाच्या सुमाराचीं मानितात, आणि मुलांस दाखवावीं अशींच आहेत. किल्लारीही याच तालुक्यांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें झालेल्या भूकंपाची आठवण जेथें अजून बुजलेली नाहीं, तेथें सहल म्हणून नव्हे, तर मुलांस समज आल्यावर दर्शनास जावें तसें जावें. मुलूख सपाट दिसतो, पण सपाट नाहीं. लांबलचक, डोळ्यांस न जाणवणारे चढ आहेत आणि ते मांड्यांस बरोबर जाणवतात. पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेकडून येतो; तेव्हां तुळजापूरच्या बाजूस जाणाऱ्यास तो तोंडावर घ्यावा लागतो. अशा दिवशीं जातांना वाऱ्याच्या तोंडीं आणि येतांना पाठीशीं वारा, असाच मार्ग धरावा. थकवा परतीच्या वाटेवर येतो. शेतांतून जाणारी वाट काळ्या मातीची, आणि बांधावर बाभळी. हें सारें ध्यानांत ठेवून आतां दुकानांत जाऊं.

प्रथम सांगाडा. लांब पल्ल्यासाठीं आम्ही पोलादी सांगाड्याच्याच पक्षाचे आहों. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असतो हें खरें. परंतु तो तडकला तर साध्या वेल्डिंगवाल्याच्या हातून नीट सांधला जात नाहीं, आणि सांधला तरी पूर्वीची ताकद राहत नाहीं. पोलाद कोणत्याही तालुक्याच्या गांवीं जोडून मिळतें. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेलें, ज्यास क्रोमोली म्हणतात तें पोलाद परवडत असेल तर उत्तमच. त्याची नळी पातळ करितां येते व वजन उतरतें. मागील चाक बैठकीपासून किंचित् दूर असावें, म्हणजे कॅरिअरला लटकविलेल्या पिशवीस टांच लागत नाहीं. पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगा बसविलेल्या स्वस्त सायकली दुकानांत फार चमकतात. त्यांचा मोह आवरावा. त्या स्प्रिंगांनीं वजन वाढतें, पायांचा जोर त्यांत मुरतो, आणि थोड्याच दिवसांत त्या गंजून बसतात. खडबडीत वाटेचा धक्का सोसण्याचें काम रुंद टायर अधिक चांगलें व फुकट करितो.

आतां मापाविषयीं. घरांतील सर्वांत उंच मुलाच्या मापाची सायकल आणून ती सर्वांनीं वापरावी, हा आपल्याकडील जुना प्रघात. त्याचा परिणाम असा होतो कीं, घरांतल्या बायका एक-दोनदां प्रयत्न करितात, दांडीवरून उतरतांना पडतात, आणि ‘आम्हांला नको बाई’ म्हणून कायमच्या घरीं राहतात. त्यांना हौस नव्हती असा मग सर्वांचा समज होतो. वस्तुतः सायकल त्यांच्यासाठीं घेतलेलीच नसते. दांडीवर दोन्ही पाय टेकून उभें राहिलें असतां मध्यें दोन-तीन बोटें जागा राहावी. बैठक इतकी उंच असावी कीं, पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टेकलेल्या टांचेनें पाय सरळ व्हावा. मग चवड्यानें चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो. साडी नेसून बसणाऱ्यांसाठीं खालच्या दांडीची सायकल, मागील चाकास साडीगार्ड व चेनीवर पुरें झांकण, या तीन गोष्टी आवश्यक समजाव्या. लहान मुलास पंचा गुंडाळून दांडीवर बसविण्याची चाल सोडून द्यावी. आऱ्यांत पाय अडकून मुलांच्या टांचा सोलवटतात. पाऊल झांकणारी स्वतंत्र बैठक मिळते, ती घ्यावी.

गिअरांच्या बाबतींत दुकानदार आंकडा सांगतो : सात, अठरा, एकवीस. ग्राहकानें आंकडा विचारूं नये; सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हें विचारावें. हिशेब सोपा आहे. नेहमींच्या साध्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दांत आहेत असें समजा. पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक सुमारें २.४४ वेळां फिरतें. चाकाचा परीघ २.२ मीटर धरिला तर सायकल ५.४ मीटर पुढें जाते. पुढें २८ व मागें ३२ दांत असतील तर तीच सायकल एका फेऱ्यांत १.९ मीटरच सरकते. अंतर सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर येतें, आणि पायावरचा भारही तसाच उतरतो. चढावर उतरून सायकल ढकलणारी काकू आणि सावकाश का होईना, बसूनच माथ्यावर येणारी काकू यांतला भेद हा एवढाच आहे. तो शक्तीचा नाहीं, दांतांचा आहे.

चाकांस मजबुती मागील बाजूस अधिक हवी. ओझ्याचा मोठा वांटा तेथेंच पडतो. मागील चाकास ३६ आरे असलेले बरे. टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद असावा. शर्यतीच्या सायकलींचे बोटाएवढे टायर डांबरी रस्त्यावर भरधांव जातात, पण औशाच्या शिवारांत त्यांचें कांहीं खरें नाहीं. टायर आणि मडगार्ड यांमध्यें बोटभर तरी मोकळी जागा ठेवावी. नाहीं तर पहिल्याच पावसांत काळी माती त्या फटींत गच्च बसते आणि चाक फिरेनासें होतें. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीला असतो त्या जातीचा घ्यावा, म्हणजे पेट्रोलपंपावरही हवा भरतां येते. बाभळीच्या कांट्यावर इलाज म्हणून टायरच्या आंत बसविण्याची जाड पट्टी मिळते. तरीही पंक्चर होणारच. तें जोडल्यावर टायरच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. कांट्याचें टोंक शिल्लक असेल तर कापूस तेथें अडकतो, बोटास इजा होत नाहीं, आणि तेंच पंक्चर दुसऱ्यांदा काढावें लागत नाहीं.

ब्रेक ओल्या चाकावरही लागले पाहिजेत. जुन्या सायकलींचे दांड्यांचे ब्रेक पावसांत ढिले पडतात. तारेनें ओढले जाणारे ब्रेक निवडावे. घरपोंच पेटींतून आलेली सायकल बहुधा अर्धवट जोडलेली असते. ती जाणत्या कारागिराकडून घट्ट करून, चाकांचा आउट काढून घेतल्याशिवाय मुलांच्या हातीं देऊं नये. पाण्याच्या दोन बाटल्यांची सोय सांगाड्यावरच असावी. ज्या जिल्ह्यास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें ‘वाटेंत मिळेल’ या भरंवशावर निघणें शहाणपणाचें नाहीं.

येथवर सायकलीविषयीं झालें. परंतु जीवाचा प्रश्न सायकलीपेक्षां रस्त्याशीं अधिक आहे, आणि तो वडील मंडळींनीं ठरवावयाचा आहे. तुळजापूरहून औशावरून लातूर व नांदेडकडे जाणारा महामार्ग रुंद झाला, वाहनांचे वेग वाढले. अशा रस्त्यावर मुलांची रांग घेऊन जाऊं नये, मग सायकल कितीही भक्कम असो. गांवांना जोडणारे आडरस्ते धरावे. चार किलोमीटर जास्त पडले तरी हरकत नाहीं. उसाच्या गळिताच्या दिवसांत दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारांतही चालतात व पुष्कळांस मागें दिवा नसतो. तेव्हां सूर्य मावळण्यापूर्वीं घर गांठावें. प्रत्येक सायकलीस मागें लाल दिवा, पुढें पांढरा दिवा आणि प्रत्येक डोक्यावर हेल्मेट असावें. पुढें एक जाणता, शेवटीं एक जाणता, आणि मध्यें मुलें व नवशिकी मंडळी, हा क्रम मोडूं नये. वेग मागच्यानें ठरवावा, पुढच्यानें नव्हे.

नवशिक्या मंडळींस ताशी १२ किलोमीटर हा वेग पुष्कळ झाला. पहिल्या महिन्यांत पांच-सहा किलोमीटर, दुसऱ्यांत बारा, आणि मगच लातूर. तेथें जाण्यास एक तास चाळीस मिनिटें लागतील. उन्हाळा सोडून इतर दिवसांत सकाळीं सहाला निघाल्यास न्याहारीच्या वेळेस पोंचतां येतें. खरोशास जावयाचें झाल्यास आजी-आजोबांनीं डबे घेऊन मोटारीनें पुढें जावें व लेण्यांपाशीं सर्वांनीं एकत्र जेवावें. ज्यांना पायडल मारणें शक्य नाहीं त्यांना सहलींतून वगळणें हें एकत्र कुटुंबाच्या रीतीस धरून नाहीं.

आतां घरांतील दोन पक्षांचा निवाडा. आमचें मत काकूंच्या बाजूचें आहे, पण त्यास एक पुरवणी आहे. उंची एक सायकल घेऊं नये, आणि अगदीं स्वस्त चारही घेऊं नयेत. त्याच रकमेंत मध्यम प्रतीच्या तीन पोलादी सायकली घ्याव्या. त्यांतील दोन खालच्या दांडीच्या असाव्या. त्या पुरुषांसही चालतात, हें पुतण्यानें लक्षांत घ्यावें. तिहींचीं चाकें एकाच मापाचीं असावीं, म्हणजे एकच जादा ट्यूब, तेच आरे व तींच हत्यारें सर्वांस पुरतात, आणि वाटेंत एकीचें अडलें तर दुसरीचें काम भागतें. चौथी सायकल पुढच्या वर्षीं, मुलें वाढल्यावर. मोठ्यांपैकीं तिघे आज गेले तर पुढच्या रविवारीं दुसऱ्या तिघांनीं जावें, आणि पाळी आजींनीं ठरवावी.

पुतण्याची हौस मात्र वायां जाऊं देऊं नये. ज्याला सायकलींतलें सर्वांत अधिक कळतें त्याच्याकडे तिन्ही सायकलींची देखरेख सोंपवावी : आठवड्यास हवा, पंधरवड्यास चेन पुसून तेल, पावसाळ्यापूर्वीं छर्ऱ्यांस ग्रीस. हें काम त्यानें घरांतील मुलींनाही शिकवावें. औशाच्या बाहेर पंक्चर झाल्यावर तें काढतां येणारें माणूस घरांत एकच असलें, तर तें नेमकें त्या दिवशीं बरोबर नसतें.