बंद पडलेल्या कामाची शिदोरी



घरातला मुलगा वा मुलगी हाती घेतलेले काम अर्धे सोडून परत आली, की आपण पटकन म्हणतो, 'वर्षे वाया गेली.' आम्हीही असेच म्हणत आलो. पण मल्टिक्सची हकीकत कळली तेव्हापासून असे बोलताना आमची जीभ अडखळते.

मल्टिक्स हे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या एका प्रणालीचे नाव. १९६० च्या सुमारास अमेरिकेत संगणक खोलीभर मोठा आणि अतिशय महाग असे. सार्वजनिक नळावर हंडे रांगेत लावावेत, तशी लोक छिद्रे पाडलेली कार्डे देऊन पाळीची वाट पाहत. उत्तर काही तासांनी मिळे. एक चूक निघाली की पुन्हा रांग!

ही रांग मोडावी म्हणून एमआयटी ही शिक्षणसंस्था, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी १९६५ च्या सुमारास एकत्र आल्या. फर्नांडो कॉर्बातो हे कामाचे प्रमुख. घरोघर वीज पोचते तसे एका यंत्राचे बळ एकाच वेळी अनेकांना मिळावे, हा त्यांचा विचार. यंत्राने प्रत्येकाला थोडाथोडा वेळ वाटून द्यायचा. फाइली कप्प्यात कप्पे करून ठेवायच्या, आणि एकाच्या कप्प्यात दुसऱ्याने परवानगीवाचून हात घालायचा नाही.

काम फार मोठे निघाले. वर्षे लांबली, खर्च वाढला. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातचे मोठे यंत्र गेले. शिकलेले मात्र गेले नाही. पीडीपी-७ नावाच्या एका लहान यंत्रावर त्यांनी सुटसुटीत प्रणाली उभी केली. तिचे नाव युनिक्स. मल्टी म्हणजे अनेक, युनि म्हणजे एक, अशी ती थट्टा होती!

मल्टिक्स पुढे हनीवेल कंपनीकडे गेली. १९८५ साली तिच्यातील सुधारणा थांबल्या. कॅनडात हॅलिफॅक्स येथे संरक्षण खात्याकडे असलेले तिचे अखेरचे यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. पण युनिक्सच्या वळणावर लिनक्स आली आणि लिनक्सच्या पायावर अँड्रॉइड. आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातला मोबाइल याच अँड्रॉइडवर चालतो. त्यातले फाइलींचे कप्पे ही मल्टिक्सचीच शिदोरी.

तेव्हा अर्धे काम सोडून लेकरू दारात उभे राहिले, तर आधी पाणी द्यावे. मग विचारावे, 'बाळा, तिथे काय शिकलास?'