नडगीचा हिशेब कोण ठेवणार?

रायपूरला पोस्टिंग आल्यापासून रविवारी सकाळी तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारतो. उन्हाळ्यात सहाच्या आत उरकावं लागतं, नंतर इथलं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. तलावावर दर दुसऱ्या मनगटावर घड्याळ. किती पावलं, किती ठोके, किती कॅलरी.

तिथेच भरतीची तयारी करणारा एक पोरगा भेटला. सिमेंटवर पळायचा आणि थांबला की डावी नडगी चोळायचा. विचारलं तर म्हणाला, "ठीक हो जाएगा सर, भर्ती सिर पर है." मी एका बोटाने नडगी चाचपत गेलो. रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी बोट टेकलं आणि तो कळवळला.

मला माझी रंगरुटी आठवली. पाचव्या आठवड्यात अगदी असंच झालं होतं. एक्स-रे साफ आला म्हणून कामचोर ठरलो, पाठीवर पिठ्ठू घेऊन परत ग्राउंडवर. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एक्स-रेत बारीक रेघ दिसली. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही रेघ बहुतेकदा दिसतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दुखणं जुनंच आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करून सुजलेल्या सैनिकांच्या पायांचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. आज हाडावरचा ताण मोजता येतो. 1996 मध्ये बर आणि मिलग्रोम यांच्या गटाने माणसाच्या नडगीच्या हाडालाच शस्त्रक्रियेने ताणमापक चिकटवले. चढ-उतारावर नागमोडी पळताना चालण्याच्या जवळपास तिप्पट ताण आला. आकडा होता सुमारे 2,000 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे मीटरभर लांबीचं हाड असतं तर ते 2 मिलिमीटर दबलं असतं. एका फटक्यात हाड मोडायला हे फार कमी आहे. पण तोच फटका हजारो वेळा बसला तर?

आता घड्याळाचं. पाय जमिनीवर आपटतो तो दणका म्हणजे हाडावरचं ओझं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. टाच उचलताना पोटरीचा स्नायू घोट्यामागून जोरात खेचतो, पहारीने दगड उचलावा तसा, आणि नडगीवरचं मोठं ओझं त्या खेचण्याचं असतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात जमिनीच्या दणक्याचे आकडे आणि नडगीवरचं ओझं यांचा मेळच नीट बसला नाही. मग मनगटावरच्या घड्याळाला नडगीचं काय कळणार?

"रगडा दिला की हाडं पक्की होतात" हे तर सगळ्यांनी ऐकलंय. अर्धं खरं आहे. नवीन ताण आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं, त्याला काही आठवडे लागतात. भरून यायला काही महिने. मधल्या काळात ते कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच आपण वेग आणि वजन वाढवतो. रुबिन आणि लॅनियन यांनी 1984 साली पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केला. दिवसाला 36 वेळा ताण दिल्यावर हाड जेवढं वाढलं, त्याहून जास्त ते 1,800 वेळा देऊनही वाढलं नाही. शिक्षेच्या जादा फेऱ्यांनी धाक बसत असेल, हाड बनत नाही.

प्रत्येक रंगरुटाच्या नडगीत यंत्र बसवा असं मी म्हणत नाही. एक वही पुरे. पोरगा भरतीआधी किती पळत होता, या आठवड्यात किती पळाला, पिठ्ठूचं वजन कधी वाढलं, आणि रोज संध्याकाळी एका बोटाने नडगी चाचपली का. उस्ताद रायफलीची नोंद ठेवतात, तिच्यापुढे ही किती लहान!

त्या पोराला पळणं थांबवून डॉक्टरकडे जायला सांगितलं. सायकल चालव, पोह, पण पळू नकोस. नंतरच्या रविवारी तो दिसला नाही. घरी बसला असेल, नाहीतर दुसऱ्या रस्त्यावर पळत असेल. त्याच्या वयात मी दुसरंच केलं असतं.