दिवाणखान्याची फरशी आणि स्वयंपाकघराची जमीन

नवें घर बांधतांना यजमान दिवाणखान्याच्या फरशीसाठीं दहा दुकानें पालथीं घालतात, आणि स्वयंपाकघराचा प्रश्न निघाला म्हणजे 'उरेल तें तेथें घाला' असें गवंड्यास सांगून मोकळे होतात. पाहुणा घटकाभर जेथें बसावयाचा त्या खोलीवर एवढा खर्च, आणि घरची बाई जेथें दिवसाचे कित्येक तास राबते तिच्या वांट्यास उरलेंसुरलें, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला तें आम्हांस ठाऊक नाहीं.

स्वयंपाकघरांत विटांची जमीन करावी, असें म्हणणारे गृहस्थ हल्लीं आढळतात. त्यांची आवड आम्हांस इष्ट वाटते. वीट जवळच्या भट्टीची, कारागीर गांवचा, म्हणून पैसा गांवांतच राहतो. चकचकीत फरशीवर पाणी सांडलें कीं पाय घसरतो, तसा खरबरीत विटेवर सहसा घसरत नाहीं. आणि एखादी वीट फुटली तर तेवढीच बदलतां येते. परंतु आवडीच्या जोडीस ज्ञान नसेल तर हीच जमीन शेणानें सारवलेल्या जमिनीहून वाईट ठरेल. वीट सच्छिद्र असते; तेल, ताक, हळदीचें पाणी ती पिऊन टाकते, आणि मग डाग, वास व मुंग्या यांचें तेथें कायमचें ठाणें होतें.

आमच्या पूर्वजांस ही विद्या अवगत होती, असें कोणी अभिमानानें म्हणेल. तें खरेंच आहे. मोहेंजोदडो येथील महास्नानकुंडाच्या तळाशीं विटा कडेवर उभ्या लावून सांधे जिप्समनें भरलेले आहेत; त्या कामास चार हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. पण पूर्वजांच्या कीर्तीनें आमच्या मोरीचें पाणी वाहून जात नाहीं. त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा एवढाच कीं, खालची तजवीज आधीं, वरची शोभा मागाहून.

ती तजवीज अशी. माती धुम्मसानें घट्ट ठोकावी, त्यावर दगडांचें सोलिंग व काँक्रीट घालावें. ओल येणारी जागा असेल तर मध्यें जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. मोरीकडे दर सहा फुटांस सुमारें एक इंच ढाळ ठेवावा. वीट दुसऱ्या विटेवर आपटतांच खणखणीत वाजली पाहिजे आणि नखानें तिजवर ओरखडा उठतां कामा नये. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यांत ठेवावी व पुन्हां तोलावी. भारतीय मानक १०७७ प्रमाणें साध्या विटेचें वजन शेंकडा २० हून अधिक वाढतां कामा नये. म्हणजे तीन किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती परत करावी. विटा भिजवूनच बसवाव्या, सांधे एकास चार सिमेंट-वाळूनें पूर्ण भरावे व जमीन सात दिवस ओली ठेवावी. वरच्या मजल्यावर मात्र इंजिनियरास विचारल्यावांचून हें काम करूं नये. नऊ सेंटिमीटर जाडीच्या विटांचा भार दर चौरस मीटरास दीडशें किलोहून अधिक होतो.

जमीन पुरती वाळल्यावर विटेंत मुरणारें सीलर, किंवा उकळलेलें जवसाचें तेल, पातळ हातानें द्यावें, आणि पाणी पुन्हां मुरूं लागलें कीं तोच उपचार करावा. तेलाचीं फडकीं चुरगळून ठेवूं नयेत, तीं आपोआप पेट घेतात. पांढरा क्षार आला तर कोरड्या ब्रशानें झाडावा. सांडलेल्या तेलावर लागलीच कोरडें पीठ टाकावें. ॲसिड कदापि वापरूं नये, तें सांधे खातें.

वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पाहिलें आहे कीं, तोंडी करारांतून भांडणें निघतात. म्हणून विटेची परीक्षा, ढाळ व पाणी मारण्याचे दिवस लेखीं ठरवावे, आणि जमिनीवर बादलीभर पाणी ओतून तें मोरीपर्यंत जातें असें पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

आतां मुख्य गोष्ट. स्वयंपाकघराच्या सोवळ्याची चिंता आमच्या समाजानें पिढ्यानुपिढ्या वाहिली. तेथील ओलीची व पाठदुखीची चिंता कोणी वाहिली? ढाळ कोठें असावा, उभें राहावयाची जागा कोणती, पुसावयास काय सोपें, हें त्या जमिनीवर वावरणारीच जाणते. ज्या पुरुषांस याविषयीं शंका असेल त्यांनीं एक महिना ती स्वतः पुसून पाहावी. गवंड्याशीं बोलण्यापूर्वीं घरच्या स्त्रियांचें मत घ्यावें आणि तें निर्णायक मानावें. घरांतील अर्ध्या माणसांस विचारल्यावांचून घर बांधणाऱ्यांनीं बाहेर लोकसत्तेच्या गोष्टी कोणत्या तोंडानें सांगाव्या?